निळा म्हणजे कसा?

काचबिंदूनं अप्पांची दृष्टी गेली, त्यानंतर मी चित्रं काढायला लागले. त्यामुळे वडील असूनही त्यांनी माझं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. तरी परवा गावातल्या हॉलमध्ये माझी चित्रं लागली तेव्हा ते हट्टानं आले. नदीच्या चित्रापुढे मी त्यांना उभं केलं.

“काय आहे?”

“नदी. निळी.”

“निळी म्हणजे कशी? नुसती रंगांची नावं ऐकून आता काही दिसत नाही गं.”

मी गडबडले. तो निळा मी कितीदा कालवला होता, पण तो कसा आहे हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

“माठातलं पाणी घटाघटा प्यायल्यावर दात शिवशिवतात ना अप्पा, तसा.”

त्यांनी मान डोलावली. “आणखी?”

“पलीकडच्या काठावर पिवळा आहे. अगदी थोडा. शेजारच्या खोलीत कुणी तंबोऱ्याची एकच तार छेडावी, तेवढा.”

अप्पा कान देऊन उभे राहिले. चित्राकडे कान! डोळे, कान, जीभ ही दारं आपण वेगवेगळी धरतो. आत शिरल्यावर सगळं एकाच माजघरात येऊन बसत असेल का?

“पाण्यावर धुकं आहे का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

होतं. मी त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. बाहेर वैशाखातली दुपार भाजत होती, आणि मी धरलेल्या त्यांच्या हातावर काटा उभा राहिला होता.