वहिनीची गच्ची, वहिनीचे प्राणी

सकाळी सहाला दादाचा फोन आला. "गेली. झोपेतच गेली," एवढंच म्हणाला. खोटं कशाला सांगू, आधी सुटल्यासारखंच वाटलं. दोन वर्षं दुखण्यानं वहिनीला पिळून काढलं होतं. रडू नंतर आलं. पण आज सव्वा महिन्यानं लिहायला बसले आहे, ते दुसऱ्याच एका सुटकेबद्दल.

सुमनवहिनी पारोळ्याहून लग्न होऊन गुजरातेतल्या डिंडोलीत आमच्या घरी आली. दादा तेव्हा कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला होता. वहिनी घरी बसून साड्यांच्या छापाची डिझाइनं काढायची, पण तिचा जीव रमायचा तो कुणी न पाहिलेल्या प्राण्यांत. ऊन चढेपर्यंत गच्चीवर झाडं, जेवणं आटोपली की कागद, हा तिचा दिवस. प्राणी निघायचे तेही झाडांतूनच. कुणाच्या पाठीला कारल्याची साल, कुणाला अळूच्या पानांचे कान. आई वैतागायची, "घरमा हाई भुताटकी काय काढस वं?" वहिनी हसायची, "भूत नाही आत्याबाई, दोडक्याचा भाऊबंद आहे हा."

पुढं तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. भेटायला आलेल्या बायकांसमोर मी, बावीस वर्षांची शहाणी, बोलून गेले, "दिवसभर राक्षस काढत बसली, मग काय होणार?" वहिनीनं रंग गुंडाळून माळ्यावर टाकले. वर्षभर नुसती झाडं केली. मग एके दिवशी पुन्हा कागद घेऊन बसली, आणि हळूहळू तिचे प्राणी गुजराती मुलांच्या पुस्तकांत छापून येऊ लागले. शेजारची पोरं तिला "राक्षसवाळी मासी", राक्षसांची मावशी, म्हणायची. मी प्रत्येक पुस्तक विकत घेतलं. पण ते एक वाक्य... ते मात्र मनात तसंच राहिलं. एकोणीस वर्षं.

यंदा संक्रांतीनंतर मी भेटायला गेले, तेव्हा ती गच्चीवर खुर्चीत बसून कसं लावायचं ते सांगत होती आणि मी रोपं लावत होते. अचानक तोंडून निघालं, "वहिनी, तेव्हा मी जे बोलले ना..."

"माती एवढी दाबू नको. मुळं गुदमरतात." मी बोटांनी माती सैल केली, तशी ती म्हणाली, "इतकी वर्षं सांभाळलंस होय ते? मी तर कधीच काढून टाकलं. खाली कपाटात निळी वही आहे, आण."

वहीच्या पहिल्याच पानावर एक प्राणी होता. हे एवढं तोंड, तेव्हाच्या माझ्यासारख्या दोन वेण्या, आणि तोंडाहून मोठे, पाण्यानं भरलेले डोळे.

"दुसऱ्या दिवशी तू मोरीत नळ सोडून रडत होतीस. मी पाहिलं होतं. ते डोळे काही डोक्यातून जाईनात, म्हणून तर पुन्हा पेन्सिल धरली."

मी मातीच्या हातांनीच तिचे पाय धरले. "उठ गं, साडी मळली," म्हणाली, आणि दोघीही हसत सुटलो. बरं झालं त्या दिवशी बोलले. राहिलं असतं तर...

आता झाडांना पाणी दादा घालतो. त्याला झाडांतलं काही कळत नाही, पण वहिनीनं प्रत्येक कुंडीत नावाऐवजी प्राणी रंगवलेली पट्टी खोचून ठेवली आहे. परवा त्याचा फोन आला, "शिंगवाल्याला मिरच्या लागल्यात भरपूर. ये."

मी पिशवी घेऊन गेले.