कडुबाचे चार ट्रायपॉड

गुलमंडीच्या मागच्या बोळात कडुबाचा फोटो स्टुडिओ आहे. सकाळी तो कुठला ट्रायपॉड उचलतो, यावरून आज त्याचं काम कुठं, ते शेजारचा कापडवाला बिनचूक सांगायचा. लग्न असलं की लोखंडी, जड, मधोमध वाळूची पिशवी टांगलेला. कारण मांडवात वऱ्हाडाचे धक्के त्याला बसणारच. वाळूजच्या कारखान्यातले सुटे भाग टिपायचे असले की गुडघ्याएवढा बुटका. डोंगरावर नवरानवरीला हिंडवायचं तर हलका, पण त्याचे खालचे बारके पाय ओढायचे नाहीत, वारा लोळवतो. आणि कीर्तनाच्या गर्दीत, जिथं तीन पाय टेकायला जागा नाय, तिथं एका पायाचा. कॅमेरा कुणीबी घेईल, तो कशावर बसवायचा ते कळलं पाहिजे, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. लोक म्हणायचे, लई शिस्तीचा माणूस, हातात कॅमेरा म्हणून धरत नाय.

कसली शिस्त अन् कसलं काय! माणूस भ्याला होता.

दोन वर्षांपूर्वी चहाची कपबशी त्याच्या हातात खुळखुळली, तिथून सुरुवात झाली. आधी उजवा हात, मग डावा. सिल्लोडकडं गावी त्याचा बाप केरबा मेंढरं राखायचा. त्याचेही हात असेच थरथरायला लागले होते, आणि शेवटी शेवटी घास तोंडापर्यंत जाईना. ते सगळं कडुबानं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळं तो दवाखान्याच्या वाटेलाच जायचा नाय. डॉक्टरनं काहीबाही सांगितलं म्हणजे मग संपलंच, त्यापेक्षा ट्रायपॉड बरा. कॅमेऱ्याला हात न लावता फोटो निघावा म्हणून त्यानं लांब वायरीचं बटण आणलं, चारचौघांत चहा घेणं सोडलं. बायकोला, राजाबाईलाही पत्ता लागू दिला नाय. थरथरत्या हाताच्या फोटोवाल्याला लग्नाला कोण बोलावणार?

अशात लेक प्रांजली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. कडुबानं अख्ख्या बोळात पेढे वाटले. पण पोरीला हात लावला नाय. बारा दिवस! राजाबाई बाळ पुढं करायची आणि ह्याची रोज नवी सबब. आज सर्दी, उद्या बाहेरून आलोय, परवा हात धुतले नाहीत. खरं म्हणजे बाळ समोर दिसलं की ते एवढंसं डोकं फरशीवर आपटल्याचा आवाजच त्याच्या कानात घुमायचा. प्रांजली हे सगळं बघत होती.

बाराव्या दिवशी बारसं. सासरची मंडळी आली. तात्यासाहेबही आले, मोठे बागायतदार, त्यांच्या मुलाचं, शिवमचं लग्न पुढच्या महिन्यात, आणि फोटोचं काम कडुबाकडं. ते लग्न नीट पार पडलं की निम्मा तालुका आपल्याला बोलावील, हे कडुबा जाणून होता. त्यानं दहा बाय बाराच्या खोलीत लग्नाचा जड ट्रायपॉड वाळूच्या पिशवीसकट उभा केला. बायकांना पाळण्यापर्यंत जाता येईना. विहीणबाई लक्ष्मीबाईंचा पदर ट्रायपॉडच्या खटक्यात अडकला, तशा त्या म्हणाल्या, व्याहीबुवा, तोफ कशाला आणली? सगळे हसले. कडुबाही हसला, वायरीचं बटण मुठीत घट्ट दाबून धरत.

आत्यानं कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, सगळं सुखरूप झालं. कडुबाला जरा कुठं श्वास आला, तोवर लक्ष्मीबाई म्हणाल्या, आता आजोबांच्या मांडीवर नात द्या, एक फोटो होऊन जाऊ द्या.

कडुबा म्हणाला, फोटो कोण काढणार? राजाबाई म्हणाली, वायरीचं बटण हाय की, मी दाबते. मग तो उजेड कमी आहे असं काहीतरी पुटपुटला. खोलीत कुजबुज सुरू झाली. लक्ष्मीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

तशी प्रांजली उठली. तिचे डोळे भरले होते. "बाबा, मुलगी झाली म्हणून घेत नाय का तुम्ही तिला?"

कडुबाच्या तोंडचं पाणी पळालं. नाय म्हणावं, तर मग का घेत नाय, ते सांगावं लागणार. आणि समोर पाटावर तात्यासाहेब. एक खोटं तयार होतं जिभेवर, नेहमीचं, सर्दीचं. पण लेकीच्या तोंडाकडं बघून ते बाहेर पडेना.

"नाय गं माय. हात थरथरतात माझे. दोन वर्षं झाली. पाडीन म्हणून भितो."

आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. सगळ्यांनी पाहिले. राजाबाईनं तोंडाला पदर लावला.

प्रांजलीनं बापाला खाली मांडी घालून बसवलं, भिंतीला टेकवलं, आणि पोरगी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचा एक हात तिच्या डोक्याखाली दिला आणि त्यावर आपला हात धरून ठेवला. कडुबाचे हात हलतच होते. पोरीनं जांभई दिली, मूठ तोंडात घातली आणि झोपली.

दाराशी चपलांचा आवाज झाला. तात्यासाहेब निघाले होते. कडुबानं त्यांना पाहिलं, निघाले म्हणजे लग्नाचं काम गेलं हेही कळलं, आणि तो जागचा उठला नाय.