कोबाल्ट कुठं बसतो, ते सानियानं दाखवलं

मंडळी, आज आमच्या धाराशिवच्या कॉलेजात एमएस्सीचा सेमिनार होता. भूमची सानिया कार्बोरेनवर, म्हणजे बोरॉन आणि कार्बनच्या अणूंच्या पिंजऱ्यासारख्या रेणूवर, बोलणार होती. "एवढा अवघड विषय घेऊ नकोस," असं तिची गाईड म्हणून मीच तिला सांगितलं होतं.

तिनं ज्वारीच्या धाटाच्या काड्या आणि मातीच्या गोळ्या जोडून दोन पिंजरे आणले होते. प्रत्येकात दहा बोरॉन, दोन कार्बन.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "यात कोबाल्टसारखा धातू कुठं बसणार?"

तिनं दोन्ही पिंजऱ्यांतली बोरॉनची एकेक गोळी काढली. "सर, बोरॉन निघाला की पिंजऱ्याचं तोंड उघडतं. अशा दोन तोंडांच्या मधी कोबाल्ट बसतो, अन् लई घट्ट बसतो."

परीक्षक उठून टाळ्या वाजवायला लागले.

मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. तुम्हाला असं कुणी खोटं ठरवलंय का, की आनंदच व्हावा?