शुक्रवारी पास होणारा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर शुक्रवारी पास व्हायचा आणि शनिवारी नापास. आज हे मी हसत सांगते. त्या एप्रिलमध्ये मात्र त्यानं मला रडकुंडीला आणलं होतं, आणि मी घरातल्या प्रत्येकाला.

घर म्हणजे भिवंडीजवळ शेलारला कारखान्याच्या मागची एक खोली. कारखाना म्हणजे कापड विणणाऱ्या चोवीस यंत्रमागांची शेड. बाबा तिथे जॉबर होता. माग बिघडला की तो दुरुस्त करायचा. खोली शेठनं दिलेली आणि तिच्यातली वीजही शेडमधूनच ओढलेली. तीस वर्षं त्या खडखडाटात काढून बाबाचे कान जवळजवळ गेले होते. शेडमध्ये कुणी तोंडानं बोलतच नाही, सगळा कारभार बोटांवर आणि ओठांवर. बाबा समोरच्याचे ओठ पार शेडच्या दुसऱ्या टोकाहून वाचायचा. घरातही त्याची तीच सवय. जेवताना दोन बोटं वर केली की दोन भाकऱ्या, मूठ मिटली की पुरे. माझ्याशी बोलायची त्याला हौस होती, पण मला ओरडून बोलायचा कंटाळा यायचा. "तुला काय कळतंय त्यातलं" हे माझं ठरलेलं उत्तर होतं.

मी ठाण्याला ॲनिमेशनचा कोर्स केला होता. अंधेरीच्या एका स्टुडिओतल्या साहेबांनी मला महिनाभराची मुदत दिली होती. स्वतः केलेलं तीस सेकंदांचं काम सीडीवर घेऊन यायचं, महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी अकराच्या आत. आवडलं तर लगेच नोकरी. इकडे मामानं वडप्याच्या एका गोदामात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती, आल्या-गेल्या मालाची एंट्री करायला. गुरुवार हुकला तर एक तारखेपासून गोदाम, असं घरात ठरलं होतं. गोदाम वाईट नव्हतं हो. पण माझ्या ओळखीच्या चौघी 'तात्पुरतं' म्हणून तिथे बसल्या होत्या आणि त्यांतली एकही उठली नव्हती.

माझ्या तीस सेकंदांत मी धोटा उडवला होता. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. बघणारा त्याच्या पाठीवर बसून हजारो धाग्यांच्या बोगद्यातून जातोय, असं दृश्य. एकेका धाग्याची सावली काढता काढता कॉम्प्युटरला फेस यायचा. सगळं दृश्य तयार व्हायला सलग आठ तास लागत होते, आणि आठ तास सलग वीज आमच्याकडे नव्हती. सकाळी सहा ते नऊ जायची, दुपारी चार ते सहा जायची, रात्री पुन्हा एकदा. सगळ्यात मोठा तुकडा नऊ ते चार, म्हणजे सात तास. काम तुकड्यातुकड्यांनीही करता येतं हे मला नोकरीत गेल्यावर कळलं. तेव्हा एकच रस्ता माहीत होता, आठ तासांचं काम सातात बसवायचा.

त्यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. प्रोसेसरला कंपनीनं जेवढं पळायला सांगितलंय त्याच्यापेक्षा त्याला जास्त पळवायचं. सायबर कॅफेत बसून मी त्यावरची पानंच्या पानं छापून आणली. कॉम्प्युटर चालू होतानाच एक कळ दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरायचं, वेग थोडा चढवायचा, बंद पडला तर व्होल्टेज एक टिचकी वाढवायचं, गरम झाला तर पुन्हा खाली यायचं. असं करत करत मी त्याला वीस टक्के वर नेला. आठ तासांचं काम आता सहा तास चाळीस मिनिटांत होणार होतं. आपल्यासारखी हुशार मुलगी भिवंडी तालुक्यात नाही असं मला दोन दिवस वाटत होतं.

छापलेल्या पानांवर एक नियम ठळक अक्षरांत होता. खरं काम लावण्याआधी दिवसभर टेस्ट चालवा, प्रोसेसरला घाम फोडणारा प्रोग्राम लावून. मी स्टँडजवळच्या एका टायपिंग क्लासमध्ये शिकवायचे, सकाळी दहा ते दीड आणि मग संध्याकाळी. पूर्ण सुट्टी फक्त शुक्रवारी, सगळ्या गावाला असते तशी. म्हणून टेस्ट शुक्रवारी. सकाळी नऊला लावली, संध्याकाळी सहापर्यंत चालली, एकही चूक नाही. मी देवापुढे साखर ठेवली.

शनिवारी नऊला वीज आली, माग सुरू झाले, पाच मिनिटांनी मी खरं काम लावलं आणि क्लासला गेले. अडीचला परत आले तर चित्र गोठलेलं. माऊस मेलेला. कोपऱ्यातलं घड्याळ दोन वाजून चार मिनिटांवर थांबलेलं. आता पुन्हा लावायचं तर चारला वीज जाणार. दिवस गेला.

रविवारी दोन वाजून सात मिनिटं. सोमवारी दोन वाजून तीन.

दुपारची वेळ, एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा. मी म्हटलं, उष्णता. कॉम्प्युटरचा डबा उघडला तर आतल्या पंख्यावर कापसाची लव गोधडीसारखी बसलेली. ती ब्रशनं काढली, प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट पुसून नवी लावली, उघड्या डब्यासमोर घरातला एकमेव टेबलफॅन लावला. आई पदरानं वारा घेत बसायची. शुक्रवारी टेस्ट, दिवसभर, पास. शनिवारी दोन वाजून पाच मिनिटांनी बंद.

मग मी रॅमवर संशय घेतला. क्लासच्या सरांच्या हातापाया पडून त्यांच्या कॉम्प्युटरची रॅम आणली, ओशाळून परत दिली. मग व्होल्टेज वाढवलं, मग कमी केलं. वेग एक पायरी खाली आणला तर काम सातात बसेना. पुन्हा शुक्रवार, पुन्हा पास. तो पास होण्याचाच मला राग यायला लागला. नापास झाला असता तर कुठे दुखतंय ते तरी कळलं असतं. रोज दुपारी अडीचला दार उघडायची मला भीती वाटायची. बसमध्ये मी देवाला काहीबाही बोलायचे, नवस नव्हे, नुसतं 'प्लीज'. जेवण जात नव्हतं. आई म्हणाली, एवढा जीव जाळायचा तर गोदामात जा की. मी ताट सरकवून उठले.

मुदतीच्या आदल्या मंगळवारी घड्याळ दोन वाजून सहा मिनिटांवर थांबलं. मी छापलेली सगळी पानं टराटरा फाडली आणि जमिनीवर बसून रडले, लहान पोरासारखी, आवाज काढून. चार वाजता वीज गेली तशी शेड थांबली आणि बाबा चहाला आला. त्यानं फाटके कागद बघितले, मला बघितलं आणि समोर उकिडवा बसला.

"काय झालाय? नीट सांग. माझ्याकडं बघून सांग."

पहिल्यांदाच मी 'तुला काय कळतंय' म्हटलं नाही. म्हणायचं त्राणच नव्हतं. सगळं सांगितलं, हळू, ओठ नीट हलवून. तो मध्येच म्हणाला, "कवा बंद पडतो?"

"रोज दोनच्या पुढे. ऊन असतं ना."

"आनि शुक्रवारी?"

"शुक्रवारी नाही पडत."

"शुक्रवारी ऊन न्हाय पडत?"

बाबानं डोक्याला हात लावला.

"अगो, एक ते दोन जेवनाची सुट्टी. दोनला चोवीस माग एकदम लागतात. बल्ब बघ कसा पिवळा होतो तवा. आपली वायर तिथलीच हाय. माग दुरुस्त केला न् शुक्रवारी एकटाच चालवून बघितला, तर तो चालला असा मी कवाच धरत न्हाय. बाजूचे तेवीस चालू असताना चालला, तर चालला."

चुलीपाशी आई म्हणाली, "दोनला मी मिक्सरच लावत नाय. लावला का फिरतच नाय तो."

म्हणजे मिक्सरलाही ठाऊक होतं. त्या आवाजात मी जन्मले, वाढले, म्हणून तो मला ऐकूच येत नव्हता. जास्त पळवलेल्या प्रोसेसरला जास्त वीज लागायची, आणि नेमक्या त्या मिनिटाला ती अर्ध्यावर यायची. एवढंच होतं ते.

बाबानं बोटांवर वार मोजले. मग त्यानं विचारलं, "शुक्रवारी माग बंद, लाइटबी जात न्हाय. मग ते आठ तासाचा काम शुक्रवारीच का न्हाय लावलास?"

तीन शुक्रवार. तिन्ही शुक्रवार मी टेस्ट घेत बसले होते. एका शुक्रवारी काहीही न वाढवता, कंपनीच्याच वेगानं, काम आरामात झालं असतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आता हातात फक्त बुधवार होता, नऊ ते चार.

"दाव तरी काय बनवलास," तो म्हणाला. सहाला वीज आल्यावर मी एक चित्र दाखवलं. तो स्क्रीनजवळ गेला. "ह्यो धोटा हाय?" मी मान हलवली. त्यानं काचेवरून धोट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "उद्या दोनला एकेक माग लावू."

बुधवारी नऊला माग लागल्यावर काम लावलं आणि मी क्लासला गेले नाही. एक वाजता शेड शांत झाली. दोनला मी खिडकीत उभी राहिले, एक डोळा स्क्रीनवर. समोर शेडचं मागचं दार, दारात बाबा, माझ्याकडे पाठ करून. कामगारांना त्यानं हातानं थांबवलं आणि पहिल्याला खूण केली. एक माग लागला. बल्ब जरासा हलला. स्क्रीन चालू. बाबानं मिनिटभर थांबून दुसरा लावला. मग तिसरा. कामगार कुरकुरत होते, त्यांचा पगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर. मी मोजत होते.

एकोणीस लागले आणि शेठची स्कूटर आली.

"ये क्या नाटक लगा रखा है? लूम बंद क्यों हैं?" मागांच्या वरताण तो ओरडत होता, खिडकीपर्यंत शब्द न् शब्द येत होता. "किसको पूछके? बुढ्ढा हो गया है तू, कान तो गए, अब दिमाग भी गया? कल से घर बैठ!"

तीस वर्षांत बाबानं कुणाचा एक शब्द ऐकून घेतला नव्हता. आज तो मान खाली घालून उभा होता. त्याचा पुढचा हात कामगारांना 'थांबा, एकेक' म्हणत होता, आणि मागचा हात पाठीवर, माझ्याकडे. त्या हाताची पाच बोटं उघडी होती. पाच राहिलेत.

मग चार. शेठ बोलतच होता. तीन. बल्ब पिवळा झाला, पुन्हा उजळला. दोन. मी स्क्रीनकडे बघायचं सोडून त्या हाताकडेच बघत होते. एक.

मग मूठ मिटली.

दोन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती आणि कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकत होतं. पावणेचारला काम पूर्ण झालं. चारला वीज गेली, सहाला आली, तेव्हा सीडी लिहिली. गुरुवारी अकराच्या आत ती अंधेरीत पोचली, आणि वडप्याच्या त्या खुर्चीवर दुसरी कुणीतरी जाऊन बसली.

बुधवारी रात्री बाबा जेवायला बसला तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तरी समोर बसून, ओठ नीट हलवून विचारलं, "बाबा, शेठ काय म्हणाला?"

"काय की," तो म्हणाला. "मला कुठं ऐकायला येतंय."

आणि त्यानं दोन बोटं वर केली. मी दोन भाकऱ्या वाढल्या.