सबाह अल-सालेममधली मामलेदार कचेरी

"डावीकडं! डावीकडं बघा, हिशेबनीस! मामलेदार कचेरी गेली!"

डावीकडे जमिया होती, म्हणजे कुवेतमधलं सहकारी सुपरमार्केट. दारात ट्रॉल्यांची रांग, काचेवर कोंबडीच्या सेलची जाहिरात. आणि आमच्या वरच्या मजल्यावरचे चाचा स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तिच्याकडे बोट दाखवत होते. मग त्यांनी हॉर्न वाजवला. बारा वाजले होते, म्हणून बारा वेळा. निम्म्यातच मागच्या गाड्या खवळल्या, जमियाचा इजिप्शियन रखवालदार अरबीत "या हाजी, खलास!" करत धावत आला, पण चाचांनी बारा पुरे केलेच. वर त्याला म्हणाले, "तेरावा वाजवला काय? मग?"

आपल्या तालुक्याच्या गावावर इतकं प्रेम करणारा दुसरा माणूस उभ्या आखातात झाला नाही, आणि होऊ नये अशी वाहतूक पोलिसांची प्रार्थना असावी. चाचा शुऐबाच्या बंदरावर नोकरीला. कुवेतमध्ये त्यांचं आयुष्य गेलं, पण कुणी "कुठं राहता?" विचारलं तर उत्तर एकच: "तालुक्याला. इथं ड्यूटीवर असतो." गावाचं नाव ते घेत नसत. सूर्याला कुणी नावानं ओळख करून देतं का? मी अकाउंटंट म्हणून त्यांचा 'हिशेबनीस', आणि लायसन्सच्या परीक्षेत पुन्हापुन्हा नापास झालेला म्हणून दर शनिवारी त्यांच्या जुनाट गाडीतला कायमचा पर्यटक. मासळी बाजार गाठेपर्यंत ते मला सबाह अल-सालेम या आमच्या उपनगरातून त्यांचा अख्खा तालुका फिरवून आणत. पेट्रोल पंप म्हणजे एस.टी. स्टँड. लॉन्ड्री म्हणजे जेटी. शाळेची कंपाउंडची भिंत म्हणजे किल्ला. या किल्ल्याला दीडच बुरूज. "उरलेला अर्धा कुठं गेला?" मी एकदा विचारलं. "उरलेला नाय हो, येवढाच बांधला. शत्रू तेवढ्यावरच घाबरला!"

इतिहास तर विचारूच नका. पोर्तुगीज आले, लांबून बघून परत गेले. मराठ्यांचं आरमार पाणी प्यायला त्यांच्या खाडीत थांबलं होतं. "पण चाचा, खाडीचं पाणी खारट ना?" "म्हणून तर पुढं गेलं!" कुवेत शहरातले ते जगप्रसिद्ध निळ्या गोळ्यांचे मनोरे दाखवायला मी एकदा त्यांना घेऊन गेलो, तर त्यांनीच मला झापलं. "आत काय हाय? पाणीच ना? मग टाकीच ती! आमच्या तालुक्याची टाकी बघाल तर ह्यांना घरी पाठवाल. आणि ती गळते पण!" गळणं हाही त्यांच्या हिशेबी दागिना होता. बाजारातल्या जुबैदीकडे, म्हणजे इथल्या पापलेटाकडे, बघून ते हळहळत: "आमच्या जेटीवरचा पापलेट आला ना, तर हा बिचारा बर्फातनं उठून त्याला जागा देईल." जुनी कुवेती गलबतं त्यांच्याच तालुक्यातल्या सुतारांनी बांधली, म्हणजे पर्यायानं कुवेतही त्यांनीच, हे मला इतक्यांदा सांगितलं गेलं होतं की एकदा कंपनीच्या मीटिंगमध्ये मीच ते ठोकून दिलं.

पण सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे कचेरी. दगडी, कौलारू, आणि ओसरीत टांगलेली पितळी घंटा. तासातासाला शिपाई ठोके द्यायचा आणि अख्खा तालुका त्यावर जेवायचा, झोपायचा, भांडण थांबवायचा. तो शिपाई म्हणजे चाचांचे वडील. हे मात्र त्यांनी कधी ओरडून सांगितलं नाही. एकदा हॉर्न वाजवून झाल्यावर, सिग्नलला थांबलो असताना, काचेबाहेर बघत सांगितलं.

गेल्या वर्षी चाचांची नोकरी संपत आली. मुलानं पनवेलला फ्लॅट बघितला होता. "तालुका सोडून पनवेल? त्यापेक्षा इथंच सुलैबियाच्या वाळवंटात शेळ्या राखीन!" चाचा गरजले. ते तालुक्यातच घर बांधणार होते, कचेरीच्या मागच्या गल्लीत, घंटा ऐकू येईल असं. आता खरी गोष्ट अशी, की बायकापोरं मुंब्र्याला गेल्यापासून चाचांची प्रत्येक सुट्टी मुंब्र्यातच लग्नं, दवाखाने आणि पासपोर्ट यांत संपायची. तालुक्याला जायचं दर खेपेला राहून जायचं. म्हणून जुलैत ते जागा बघायला निघाले, आणि मी सुट्टीवर पुण्यात होतो, तर मलाही बोलावलं. "चला, हिशेबनीस. आता ओरिजिनल बघा."

पांढराशुभ्र शर्ट, अत्तर, आणि गाइडचा आवाज. "आता एस.टी. स्टँड!" तिथं मोबाइलची दुकानं होती. "जेटी!" जेटी होती, पण खाडीवर पूल झाला होता आणि जेटीवर एक म्हैस बसली होती. "किल्ला!" किल्ला मात्र अगदी शाबूत, दीडच्या दीड बुरूज. चाचा माझ्याकडे विजयानं बघून हसले आणि कचेरीच्या गल्लीत वळले. ती कचेरीची गल्ली नव्हती. पुढचीही नव्हती. घामाघूम होऊन शेवटी चहाच्या टपरीवर विचारलं.

"कचेरी? ती हायवेला गेली की, नव्या बिल्डिंगमध्ये. जुनी ती काय, कुलूप लावलेली."

"आणि घंटा?"

"कसली घंटा?" टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. "पाव्हणे कुठनं आले?"

चाचांनी कप उचलला. चहा पूर्ण प्याले. मग कुलपाच्या दारापाशी गेले, ओसरीतल्या रिकाम्या आकड्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले, आणि वाटेत एकाही गोष्टीचा इतिहास न सांगता आम्ही परत फिरलो.

शेवटचे काही महिने भरायला ते कुवेतला परतले. पहिल्या शनिवारी गाडीत बसलो. पेट्रोल पंप मुकाट्यानं गेला. लॉन्ड्री गेली. वळण आलं तसा मीच ओरडलो, "चाचा! डावीकडं! कचेरी आली! बारा वाजले!"

त्यांनी हॉर्नला हात लावला नाही.

"जमिया हाय ती," चाचा म्हणाले. "कचेरी हायवेला हलवली."