बाबांच्या खाटेतला झोळ

आमच्या बाबांच्या मागे एकच वस्तू अशी उरली होती की जिच्या वाटणीवरून भावाबहिणींत भांडण होणं शक्य नव्हतं, कारण ती मुळात एक पोकळी होती. ती मी, त्यांची थोरली लेक, समोर उभं राहून बुजवून घेतली!

सांगते. आसेगावला आमच्या घरी बाबांची सुतळीची खाट आहे. बाबा अंगापिंडाने भरदार. दुपारचं जेवण झालं की अंगणातल्या लिंबाखाली त्या खाटेवर आडवे होत आणि त्यांचं घोरणं थेट बसस्टँडवर ऐकू जाई. (बसस्टँडवाले नाही म्हणतील, पण त्यांना विचारतंय कोण!) अशी वर्षानुवर्षं झोपून खाट मधोमध छान खोलगट झाली होती. एकदा मी म्हटलं, "माय, केवढा खड्डा पडला व खाटेले!"

"खड्डा रस्त्याले पडते," माय भडकली. "खाटेले झोळ म्हणते. अकोल्यात राहून जीभ गंजली का व तुही?"

मायचं असंच आहे. प्रत्येक खोलगट गोष्टीला तिच्याकडे वेगळं नाव, आणि ते चुकलेलं तिला खपत नाही. भातात वरणासाठी करतात ते आळं. झाडाच्या बुडाशी करतात तेही आळंच. ("दोघायलेबी पाजाच लागते ना!") दोन हातांची ओंजळ, एका हाताचा पसा. भिंतीत कोनाडा, झाडात ढोली, आणि गालावर पडली तर खळी. माझ्या गालावर पडायची. आता गालच इतके आले आहेत की ती आत कुठेतरी असावी. बाबांना मात्र यातलं एकही नाव कधी चुकलं नाही, आणि बायकोचा मार चुकवायचा हाच एक उपाय आहे असं ते मला डोळे मिचकावून सांगत.

बाबा गेले त्यानंतरच्या दिवाळीत मी माहेरी आले. पाहते तर माय दुपारची त्याच खाटेत. वर नुसतं नाक दिसत होतं! वरून कंबर दुखते अशी तक्रार. मी ताबडतोब निदान केलं (मी डॉक्टर नाही, पण मोबाईल आहे), की या खाटेनेच कंबरेचं वाटोळं केलंय. माय एका बारशासाठी कारंजाला गेली तशी मी मंगरूळहून शकूरभाईंना बोलावलं. खाटा विणणारा माणूस, बोलायला त्याहून पक्का.

"शकूरभाई, मायले सरप्राइज द्याचं हाय. खाट टाइट पायजे."

"फिकर नोको करू बेबी! अशी खिचतो की बस, ढोलकी वाजली पायजे!"

(हो, माहेरी मला अजून बेबी म्हणतात. मला नातू आहे.)

जुनी सुतळी निघाली, नवी विणली गेली. शकूरभाईंनी पायथ्याच्या दोऱ्या पाय रोवून ओढल्या आणि खाटेवर थाप मारली. खरोखर ढोलकी वाजली! शेजारच्या शांताकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "बेस झालं व. आता याच्यावर पापड वाळू घाला."

संध्याकाळी माय आली. पिशवी खाली ठेवली. खाटेजवळ गेली आणि मधोमध हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"झोळ कुठी गेला?"

"काढला!" मी ऐटीत.

माय ओरडली नाही. पदराने खाट उगाच पुसत ती म्हणाली, "तुह्या बाबाच्या पाठीची जागा होती ते. दुपारी पडली की मले वाटे, आत्ताच उठून गेले, येतीनच आता. मंग डोळा लागे. काहून काढला व, बेबी?"

रडू आलं ते तिच्या आधी मलाच.

मायची दुपारची झोप गेली. खाटेवर पडे, छताकडे पाहावं तशी लिंबाकडे पाहत राही, आणि उठून बसे. जेवणावरची वासनाही उडाली. आता काहीही करून झोळ परत आणायचा, असं मी ठरवलं. शकूरभाईंना पुन्हा बोलावलं.

"अरे, उसमें क्या है!" म्हणून त्यांनी पायथ्याच्या दोऱ्या सैल सोडल्या. माय बसली आणि गडप! दोन्ही पाय वर, डोकं खाली.

"मेल्याहो, हा झोळ नाई, झोळी झाली! मले पाळण्यात घालून राह्यले का?" आतून आवाज आला. मी एक हात धरला, शकूरभाईंनी दुसरा, आणि तिला विहिरीतून काढावं तसं बाहेर काढलं.

दोऱ्या पुन्हा ताणल्या. मग मी घरातलं सोयाबीनचं पोतं खाटेच्या मधोमध ठेवायला लावलं. दोन दिवसांनी ते काढून पाहिलं तर अगदी पोत्याच्या बुडाएवढा खळगा. मायने नुसता कटाक्ष टाकला. "हा मात्र खड्डा होय," ती म्हणाली. मांजरीला तो पसंत पडला. ती त्यात जाऊन निजली आणि उठवायला गेलं की फिस्कारू लागली.

"पोत्यानं काय होते? माणूस पायजे!" म्हणून शकूरभाई स्वतः पसरले. पण त्या काडीसारख्या माणसाचं वजन सुतळीला कळलंसुद्धा नाही. तेवढ्यात शांताकाकू कुंपण ओलांडून आल्या. शांताकाकू म्हणजे भरघोस बाई. "सरका, मी पडून पायतो," म्हणत त्यांनी खाटेवर गुडघा टेकवला मात्र...

"उठ!" माय कडाडली. "उठ म्हणतो ना शांते! माह्या नवऱ्याच्या खाटेत तुहा झोळ? मी मेली का अजून?"

शांताकाकू उठल्या त्या सरळ घरी गेल्या. चार दिवस विरजण मागायलाही आल्या नाहीत. आणि माय माझ्याकडे पाहू लागली. खालून वर, वरून खाली. बाजारात म्हैस पाहतात तशी.

"बेबी, तू अंगानं बापावर गेली. पड."

"मी?"

"पड म्हणतो ना. अशी नाई, डाव्या कुशीवर. हात उशीखाली घे. पाय थोडा दुमड. थोडा आणखीन... हां. असेच पडे ते."

मी पडले. सुतळी करकरली. लिंबाची सावली अंगावर हलत होती आणि बाबांना दिसायचं ते सगळं मला दिसत होतं: कुंपण, तुळस, दारात बसून तांदूळ निवडणारी माय. ते रोज इकडेच तोंड करून का झोपत, ते मला तेव्हा कळलं. मग मला झोप लागली.

जागी झाले ती ऊन कलल्यावर. खाली, खाटेला पाठ टेकून, मांडीवर सूप घेऊन माय गाढ झोपली होती. किती दिवसांनी! कुंपणापलीकडून शांताकाकू राग विसरून कुजबुजल्या, "काय घोरतं व बेबी! मले वाटलं, तुहे बाबाच आले का काय."

तेव्हापासून दर शनिवारी अकोल्याहून मी झोळ पाडायला जाते. आता बराच पडलाय. माय अधूनमधून त्यात हात फिरवते आणि "अजून बापाएवढा नाई," म्हणते, पण दुपारी झोपते. मध्यंतरी डॉक्टरने मला वजन कमी करायला सांगितलं म्हणून मी सकाळी फिरायला जाऊ लागले. माझ्या नवऱ्याने ही बातमी फोनवर आसेगावला पोचवली. तासाभरात मायचा फोन.

"फिरणंबिरणं बंद कर! वाळून आली तं दारात उभी करणार नाई!"

लोकांच्या लेकी बापाचं नाव राखतात. मी बापाचं वजन राखून आहे.