विड्यांच्या ओसरीवर डेन्मार्क

निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीचं पार्सल आलं. पलूसच्या कॉलेजात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं; ही मुलगी शेवटच्या बाकावर बसायची आणि तिथूनच सगळ्यात अवघड प्रश्न विचारायची. आता ती कोपनहेगनला नोकरी करते. पार्सलमध्ये एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, डेन्मार्कमधल्या कामगारांच्या पक्षाचा इतिहास. आत चिठ्ठी होती. ‘मॅडम, मी इथे आठ दिवस दवाखान्यात होते आणि बिल आलं नाही. हे असं कसं, म्हणून ऑफिसात विचारलं तर एका बाईंनी हे पुस्तक हातात दिलं. तुम्ही मराठीत आणा. तुम्हाला आता वेळ आहे.’

शेवटचं वाक्य मला जरा लागलं. पण वेळ होता हे खरंच होतं.

कराडच्या आमच्या घरात मी आणि अम्मा अशा दोघीच. अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. त्यावर मला शिकवलं. आता तिला नीट दिसत नाही, बोटंही वळत नाहीत. पण दुपार झाली की गल्लीतल्या सात-आठ बायका आमच्या ओसरीवर सुपं घेऊन येतात, कारण तिथं सावली आहे आणि पंखा आहे. अम्मा मधोमध बसते. कुणाचं पान वाकडं कापलं गेलं तर तिला कात्रीच्या आवाजावरून कळतं असं तिचं म्हणणं. निम्म्या बायका आमच्यातल्या, मुसलमान, निम्म्या मराठ्यांच्या, कोष्ट्यांच्या. अम्माला सगळ्याच चाची म्हणतात. घरात आम्ही दोघी दखनी बोलतो, ओसरीवर मात्र ती कराडची मराठी बोलते, आणि माझ्यापेक्षा चांगली बोलते.

मी आत टेबलाशी बसून भाषांतर करत होते. एका शब्दावर अडले म्हणून मोठ्यानं वाक्य म्हणून बघत होते, तर बाहेरून अम्मानं हाक मारली.

“काय पुटपुटतीस गं? आमास्नी बी सांग की.”

मी पानं घेऊन बाहेर गेले. सिगार वळणाऱ्या कामगारांचा भाग होता. त्या देशात दीडशे वर्षांपूर्वी सिगारच्या कारखान्यात हातांना काम असायचं आणि कान मोकळे असायचे. म्हणून कामगार आपल्यातल्याच एकाला वाचायला बसवायचे. तो वर्तमानपत्र, पुस्तक, पत्रक, काय असेल ते मोठ्यानं वाचायचा, आणि त्याच्या वाटणीच्या सिगारी बाकीचे वळून द्यायचे. त्यामुळे पक्ष उभा राहिला तेव्हा सिगारवाले पुढं होते, असं पुस्तकात लिहिलं होतं.

सुपांतले हात थांबले.

“म्हंजे आमच्यागत तंबाकूचीच मानसं?” एकीनं विचारलं. ती तिशीची, दहावी झालेली, नवरा लोणंदच्या कंपनीत कामाला.

“हो. तंबाखूचीच.”

“मग वाचा की बाई. आमचे बी कान मोकळेच हायत.”

तेव्हापासून रोज दुपारी मी आदल्या दिवशीचं भाषांतर ओसरीवर वाचू लागले. खरं सांगायचं तर माझं मराठी त्यामुळे सुधारलं. मी कुठं ‘श्रमजीवी वर्गाचे संघटन’ असं काही लिहिलं की अम्मा म्हणायची, “ह्ये कोन बोलतं असं?” मग मी ते खोडायची.

गवंड्यांच्या संपाचा भाग सगळ्यांना फार आवडला. कोपनहेगनच्या गवंड्यांनी कामाचे तास कमी करा म्हणून संप केला, त्यांच्यासाठी माळावर सभा ठेवली, सरकारनं सभेवर बंदी घातली आणि आदल्याच दिवशी पुढारी पकडले. तरी माणसं माळावर गेली. समोरून घोडेस्वार आले.

“आन् ही मानसं गेली? पुढारी आत असताना?” अम्मानं विचारलं.

“गेली.”

अम्मानं तेवढा भाग मला पुन्हा वाचायला लावला.

पुढचं प्रकरण मी आत बसून वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तेच पुढारी तुरुंगातून सुटले, पुन्हा काम करू लागले, आणि काही वर्षांनी त्यांतले दोघं पोलिसांकडून पैसे घेऊन अमेरिकेला निघून गेले. ज्यांच्या नावावर सगळं उभं होतं, ते आपल्या माणसांना न सांगता बोटीत बसले.

हे मला ओसरीवर वाचवेना. कारण आमच्या गल्लीत असंच झालं होतं. मी नऊ वर्षांची असताना विडी कामगारांची एक संघटना होती. तिचे पुढारी एक वकील होते, सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचे. गोरे, उंच, सायकलवरून यायचे. अम्मा त्यांच्या सभेला मला कडेवर बसवून न्यावं इतकी मी लहान नव्हते, पण पदराला धरून नेल्याचं आठवतं. एके दिवशी बातमी आली की वकीलसाहेब मालकांच्या बाजूला गेले, आणि महिन्याभरात ते पुण्याला राहायलाही गेले. त्यानंतर आमच्या घरात संघटना हा शब्द कुणी उच्चारला नाही. मी कॉलेजात प्राध्यापकांच्या संघटनेची वर्गणी भरली तेव्हासुद्धा अम्मानं पाठ फिरवली होती.

दोन दिवस मी ‘डोकं दुखतंय’ म्हणून वाचायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी मी चहा द्यायला गेले तर अम्मानं माझं मनगट धरलं आणि आमच्या घरच्या भाषेत नाही, ओसरीवरच्या मराठीत विचारलं,

“पुढारी पळाला व्हय?”

“दोघं पळाले.”

“वाच. मला काय हुतंय? मी बगितलंय त्ये.”

दुपारी वाचलं. एक म्हातारी कोष्टीण, अम्माच्या वेळची, तिनं सूप खाली ठेवलं आणि शिवी हासडली, ती लिहिण्यासारखी नाही. दहावी झालेली म्हणाली, “मग पक्ष बुडाला आसंल.”

“नाही,” मी म्हणाले. “पुढच्या पानावर आहे. राहिलेल्या लोकांनी, शिंपी, चांभार, सिगारवाले, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. फार हाल झाले, माणसं गळाली, पण आपलं वर्तमानपत्र त्यांनी बंद पडू दिलं नाही.”

मग अम्मा बोलली. मला वाटलं होतं ती वकिलाला शिव्या देईल.

“वकील गेला त्याचा मला राग न्हाई. गेला तर गेला. दुसऱ्या दिशी आमी सगळ्याजनी संगटनेच्या हापिसात गेलो, रडलो, आन् कुलूप लावून आलो. कुलूप त्यानं न्हाई लावलं. आमी लावलं. त्ये मला आजून खुपतंय.”

कोष्टीण मान हलवत होती. “व्हय चाची. किल्ली माज्याकडंच हुती.”

मी पन्नास वर्षं समजत होते की अम्मा फसवली गेली म्हणून चिडलेली आहे. ती स्वतःवर चिडलेली होती. शिक्षिका म्हणून मी किती पोरांच्या मनातलं ओळखलं असेल, आणि घरातलं हे मला ओळखता आलं नव्हतं.

त्यानंतर वाचन चालू राहिलं, पण बायकांचे प्रश्न बदलले. आधी त्या गोष्ट ऐकत होत्या. आता विचारायच्या, मग त्यांनी नेमकं काय केलं? कोण कुठं बसायचं? एकटा पुढारी नको म्हणून काय केलं? पुढं एक सिगार कामगार त्या देशाचा पंतप्रधान झाला, हे वाचलं तेव्हा टाळ्या वाजल्या. मंदीच्या दिवसांत त्याच्या घरी शेतकऱ्यांचे आणि कामगारांचे पक्ष एकत्र बसले आणि एकमेकांना काय देता येईल हे ठरवलं, हे ऐकून मात्र त्या हसल्या. “ऊसवाला आन् विडीवाली एका चटईवर? आमच्याकडं बसत्यात का बगा.”

शेवटचं प्रकरण आजच्या काळाचं होतं. तोच पक्ष अलीकडे बाहेरून आलेल्या लोकांबद्दल कडक होत गेला, त्यात मुसलमानांबद्दलही बरंच बोललं गेलं. मी ओसरीवर पाहिलं. निम्म्या डोक्यांवर ओढण्या होत्या. हे प्रकरण गाळावं असं पुन्हा मनात आलं, पण एकदा तसं करून पाहिलं होतं. वाचलं.

दहावी झालेलीनं विडीचं तोंड मोडत शांतपणे विचारलं, “तितं त्या पक्षात ह्याच्यावर भांडनारं कोन हाय का न्हाई?”

“आहेत काही.”

“मग ठीक हाय. भांडनारं पायजेत.”

हीच बाई आठवड्याभरानं माझ्याकडे एक कागद घेऊन आली. विडी कामगारांना सरकारी ओळखपत्र मिळतं, त्यावर दवाखाना आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळते. पण ठेकेदार ‘ही माझी कामगार’ असं लिहून देत नाही, म्हणून आमच्या गल्लीत फार थोड्या जणींकडे ते होतं. “आमी एकोनीस जनी हाव,” ती म्हणाली. “अर्ज ल्ह्यायचाय. पन तुमी पुढं व्हायचं न्हाई बाई. तुमी फकस्त लिवायचं.”

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. मी लिहिलं. आधी बायका एकेकट्या ठेकेदाराकडे जायच्या तेव्हा तो ‘उद्या या’ म्हणायचा. आता एकोणीस जणी त्याच्या दुकानासमोर सुपं घेऊन बसल्या आणि तिथंच विड्या वळायला लागल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं सह्या केल्या.

अर्ज द्यायला साताऱ्याला जायचं होतं. अम्मा म्हणाली मीही येणार. मी म्हटलं, उन्हाचं कशाला? तिनं उत्तर न देता चपला मागितल्या. सकाळच्या एसटीत आम्ही बारा जणी होतो. कचेरीतला कारकून तरुण होता, वाईट नव्हता, पण सगळे कागद चाळून त्यानं सवयीनं विचारलं, “संघटनेचे अध्यक्ष कोण?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे कुणी ठरवलंच नव्हतं. अम्मानं माझा दंड धरून एक पाऊल पुढं टाकलं.

“आवं साहेब, आमच्यात दरसाली बदलतोय अध्यक्ष. औंदा ही,” आणि तिनं नेमकं कोष्टिणीच्या दिशेनं बोट केलं.

कोष्टीण सत्तरीच्या पुढची. तिला लिहिता येत नव्हतं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “व्हय. मीच. आंगठा कुटं लावू?”

कारकुनानं शाई पुढं केली.

बाहेर आल्यावर पोवई नाक्याजवळ आम्ही रसवंतीत बसलो. कोष्टीण आपला काळा अंगठा सगळ्यांना दाखवत होती. अम्मा उसाचा रस पीत म्हणाली की आता खरंच दरसाल बदलायला लागेल, बोलून बसलोय आपण. कुणीतरी म्हणालं, पुढच्या साली मी. दुसरी म्हणाली, तू न्हाई, तू लय ओरडतीस. त्यावर जे भांडण जुंपलं ते एसटी कराडला पोचेपर्यंत चाललं.

कार्डं यायला सहा महिने लागले. सतरा आली. दोघींच्या नावात चूक होती, त्यांचे अर्ज पुन्हा गेले, आणि या वेळी बरोबर कुणी जायचं ते त्यांनी आपसांत ठरवलं. मला सांगितलंही नाही. अम्माला कार्ड मिळण्यासारखं नव्हतं, तिचं काम कधीच सुटलं होतं. तिनं मागितलंही नाही. पण पहिली शिष्यवृत्ती सुनेच्या कार्डावर कोष्टिणीच्या नातीला मिळाली, त्या दिवशी अम्मानं मला शिरखुर्मा करायला लावला, ईद नसताना.

पुस्तक गेल्या हिवाळ्यात छापलं गेलं, सांगलीच्या एका छोट्या प्रकाशकानं छापलं. फार खपलं असं नाही. कोपनहेगनच्या मुलीला मी प्रत पाठवली. तिनं फोनवर विचारलं, “मॅडम, भाषा इतकी सोपी कशी झाली? वर्गात तर तुम्ही फार अवघड बोलायचा.”

मी तिला म्हटलं, कराडला ये, दुपारी ये. ती पुढच्या महिन्यात येतेय. अम्मानं तिला विचारायचे प्रश्न आत्तापासून जमवायला घेतलेत, आणि त्यातला पहिला असा आहे की त्या बाहेरून आलेल्या बायकांना तिकडं संघटनेत घेतात का, आणि घेत नसतील तर त्या काय करतात.